जयंतीचं इंजिन

आमच्या वस्तीत नुसतं ‘जयंती’ म्हटलं की कोणाची, असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आमचं वर्ष एप्रिलात सुरू व्हायचं आणि एप्रिलातच संपायचं, मधले महिने नुसते ढकलायचे. मलकापूर स्टेशनच्या मालधक्क्यामागे आमची घरं होती, काही पत्र्याची, काही मातीच्या कवेलूंची, सगळी रुळांकडे पाठ करून बसलेली. वस्तीतला जवळजवळ प्रत्येक बाप्या मालगाडीला बांधलेला. कोणी कापसाच्या गाठी चढवायचा, कोणी रुळांच्या गँगमध्ये, कोणी सांधेवाला, आणि माझे बाबा इंजिनावर. पॅसेंजर गाड्या आमच्या समोरूनच जायच्या, पण त्या आमच्या नव्हत्या. त्यांच्या खिडक्यांतून येणारा पुरी-भाजीचा वासही आमचा नव्हता. मालगाडी मात्र आमची. ती यार्डात थांबली की डब्यांना डबे भिडायचे आणि तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचा. माय चुलीपुढून न उठता सांगायची, डबे भरलेले आहेत की रिकामे. भरलेल्यांचा आवाज दबका, रिकाम्यांचा भांड्यांची उतरंड कोसळल्यासारखा. आजही अगदी शांत जागी मला झोप लागत नाही. माझ्या सुनेला वाटतं, हे वयामुळे. वाटू दे.

बाबांनी तरुणपणी वाफेच्या इंजिनात कोळसा ओढला होता, मग डिझेलवर सहायक झाले. मी सांगते त्या साली आमच्या मार्गावर नवं डिझेल इंजिन येऊ लागलं होतं, खास मालगाडीसाठी केलेलं. आधीची डिझेल इंजिनं मिळेल त्या गाडीला लागायची, आज मेलला, उद्या मालाला. हे नवं पळायला नव्हतं, ओढायला होतं. बाबांना ते शिकायला बाहेरगावी पाठवलं आणि ते परत आले ते खिशात खडू घेऊनच. शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्यांनी इंजिनाचं पोट काढलं आणि माय भाकरी थापता थापता तिरक्या नजरेनं बघत राहिली.

“पोटात डिझेल इंजिन हाये,” बाबा म्हणाले, “पन ते चाकाले हात बी लावत नाई.”

“मंग काय नुसतं बसून खाते? तुमच्या भावासारखं?”

“आयक तं. ते फक्त वीज बनोते. वीज तारेतून खाली जाते. खाली चाकाच्या धुरीले मोटर लावेल हाये, ती मोटर चाक फिरोते.”

“म्हंजे अर्धं इंजिन अन अर्धी करंटवरची गिरनी,” माय म्हणाली आणि भाकरी उलटली. खरं सांगायचं तर पुढे आयुष्यभर मी सबस्टेशनात काढलं, जाडजाड पुस्तकं वाचली, पण डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनाची इतकी आटोपशीर व्याख्या मला कुठं सापडली नाही. त्या दिवशी भाकरीबरोबर लाल मिरचीचा ठेचा आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, आणि बाबा खडूनं माखलेल्या बोटांनीच जेवले. ते सांगत होते की या जातीची पहिली इंजिनं आपल्या उन्हात लवकर तापायची, ड्रायव्हरांनी बोंबाबोंब केली, मग पंखे बदलले, गियर बदलले, आणि आता हे जे आलं आहे ते सावकाश चालतं पण धरलेलं सोडत नाही. “आमचं आयकलं त्याहीनं,” हे वाक्य त्यांनी जेवणात दोनदा म्हटलं. ऐकलं जाण्याची त्यांना सवय नव्हती.

आता त्याच्या आदल्या सालचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. जयंतीच्या मिरवणुकीत फोटोचा रथ असायचा. रथ म्हणजे चार चाकांची जुनी ट्रॉली, तिच्यावर बांबूची कमान, कागदी फुलं, मधोमध फोटो आणि पंचशील झेंडे. ती ओढायला ट्रॅक्टर लागायचा आणि ट्रॅक्टर आमच्यात कोणाकडेच नव्हता. तो मागून आणायचा. ज्यांच्याकडून आणायचो ते मालक वाईट बोलायचे नाहीत, हसून द्यायचे. पण ट्रॅक्टर त्यांचा म्हणून ड्रायव्हर त्यांचा, रस्ता त्यांनी सांगितलेला आणि परत यायची वेळही त्यांचीच. त्या साली मिरवणूक बाजाराच्या चौकात पोचली, भोंग्यावर पहिलं गाणं लागलं, आणि सायकलवरून निरोप आला की ट्रॅक्टर आत्ताच्या आत्ता पाहिजे. ड्रायव्हरनं मान खाली घातली, पिन काढली आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. भर चौकात रथ उभा. दुकानांच्या पायऱ्यांवरून माणसं बघत होती, काही हसत होती. मी पांढरी साडी नेसून पुढच्या ओळीत होते आणि मला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मग आमच्याच माणसांनी खांदे लावले आणि रथ ढकलत वस्तीत आणला. त्या दिवशी बुंदी कोणाच्या घशाखाली उतरली नाही.

मंडळाचे म्हातारे किसनआजा काठी टेकत रथामागून चालत आले. ते वाफेच्या जमान्यातले सांधेवाले, अंगानं इतके वाळलेले की वाऱ्यानं सदरा हलायचा आणि आत माणूस आहे की नाही कळायचं नाही. विहाराच्या ओट्यावर टेकल्यावर त्यांनी काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, “पुढच्या सालाले कोनाचंच मांगायचं नाई.” एवढंच. पण आमच्या वस्तीत आजानं म्हटलेलं म्हणजे दगडावरची रेघ.

फेब्रुवारीत विहारात बैठक झाली तेव्हा प्रश्न तोच होता, रथ ओढणार कोण. कोणी म्हणालं बैल लावू, तर बैलही दुसऱ्याचेच निघाले. कोणी म्हणालं, माणसं ओढतील. आजा म्हणाले, “गेल्या साली ढकललाच नं? लोकाहीनं पाह्यलंच नं?” मी बायांच्या बाजूला बसले होते. बारावीला सायन्स होतं, सुट्टीत गौतममामाकडे वायरी जोडायचं काम करायची, आणि डोक्यात बाबांचं खडूचं इंजिन फिरत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “आपन इंजिन करू. मालगाडीचं. आपल्या करंटवर चालनारं. कोनी ओढायचं नाई, कोनी ढकलायचं नाई.”

हशा पिकला. आमच्या माणसांना हसायला निमित्त लागत नाही. मामा तर तोंडावर रुमाल धरून हसत होता. मामाचा धंदा लग्नांना लाइट आणि भोंगे पुरवण्याचा, त्याच्या हातगाडीवर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि पट्ट्यावर फिरणारा डायनामो. मी त्याच्याकडे बोट करून म्हटलं, “हसू नको मामा. अर्धं तं तुह्याच गाडीवर हाये. बाकी अर्धं चाकाले लावायचं.” बाबा पुरुषांच्या रांगेत मागे बसले होते. ते हसले नव्हते. त्यांनी हळूच मान हलवली, ‘होईल’ अशी. आजांनी ती पाहिली. “मंग ठरलं,” ते म्हणाले, “अन आयका, ट्रॅक्टरचं नाव बी कोनी काढायचं नाई. चाललं तं इंजिनावर, नाई तं फोटो डोक्यावर घेऊन पायी.” मी खाली बसले तेव्हा मला उमगलं. हे चाललं नाही तर पुन्हा त्याच चौकात उभं राहायचं, आणि या खेपेला माझ्यामुळे.

खामगावला कापसाच्या जुन्या जिनिंगांचं भंगार विकणाऱ्या एकाकडे मामाला दोन डायनामो मिळाले. एका काळी जिनवाले आपली वीज आपणच बनवायचे, त्या दिवसांतले. लोखंडाचे ठोकळे, अंगावर तेलकट रुईचा थर. मी तो थर सुरीनं खरवडून काढला, आत तांब्याची वेटोळी चमकली आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. गंमत अशी की डायनामो फिरवला की तो वीज देतो, आणि त्यालाच वीज दिली की तो स्वतः फिरतो, म्हणजे मोटर होतो. म्हणून दोन्ही सारखेच चालणार होते, एक वर, एक खाली. वरच्याला मामाचं डिझेल इंजिन फिरवणार, त्याची वीज खालच्याला जाणार, आणि खालचा साखळीनं ट्रॉलीचं चाक फिरवणार. लाइट आणि भोंग्यांसाठी मामाचा स्वतःचा डायनामो दुसऱ्या पट्ट्यावर. एक इंजिन, दोन पट्टे.

बाबांचा हट्ट की हँडल खऱ्या इंजिनासारखंच हवं, आठ खाचांचं. पहिल्या खाचेत सुरुवात, आठवीत पूर्ण जोर. मी विजेच्या शेगडीची तार एका कवेलूवर गुंडाळली, तिला जागोजाग पितळी बटणं बसवली आणि त्यांवरून फिरणारी लाकडी मूठ केली. बाबांनी ती हातात घेतली, डोळे मिटले आणि एकेक खाच चढवत गेले. इंजिन अजून जोडलेलंही नव्हतं. वरचं अंग पत्र्याचं केलं, गँगमधल्या मंडळींनी ठोकून दिलं. एका टोकाला ड्रायव्हरची खोली, मग लांबच लांब पाठ, बाजूला जाळ्या. रंग देऊन ते अंगणात वाळत उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मायनं त्याच्या तापलेल्या पाठीवर धुतलेलं लुगडं अंथरून कुरडया घातलेल्या. मी बोलले तर म्हणाली, “एवढी मोठी चांगली जागा रिकामी काऊन ठुवायची?” मामानं चाचणीसाठी इंजिन सुरू केलं, काळा धूर निघाला, आणि त्या साली वस्तीनं डिझेलच्या वासाच्या कुरडया खाल्ल्या.

मग भांडण पेटलं ते इंजिनाच्या तोंडावरून. फोटो कोणत्या टोकाला लावायचा? जुन्या माणसांना वाफेच्या इंजिनाची सवय. त्यांच्या लेखी लांब नळकांडं पुढे आणि ड्रायव्हर मागे, म्हणून त्यांनी लांब पाठीच्या टोकाला हार घालूनही टाकला. तरुण पोरं म्हणाली, ड्रायव्हरची खोली तेच तोंड. दोन दिवस विहारात दुसरा विषय नाही. अखेर बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, “हे दोन्हीकून चालते. तारा अदलाबदल केल्या का उलटं. याले पाठ अशी नाईच.”

आजांनी काठी उचलली. “याले पाठ नाई?”

“नाई.”

“मंग हेच पायजे,” आजा म्हणाले, आणि फोटो दोन्ही टोकांना लागले.

पहिल्या चाचणीत मात्र आमचं तोंड काळं व्हायची वेळ आली. हँडल पहिल्या खाचेत टाकलं तर काही नाही, दुसऱ्यात काही नाही, आणि तिसऱ्यात ट्रॉलीनं अशी उडी घेतली की मामा मागच्या मागे नालीत. बाबा म्हणाले, “हे मेलचं इंजिन झालं. आपल्याले मालाचं पायजे.” म्हणजे गियर बदलायचा, वेग कमी करून ओढ वाढवायची. स्टेशनबाहेरच्या रसवंतीवाल्यानं नवा चरक घेतला होता, त्याच्या जुन्या चरकाचं मोठं दातेरी चक्र आम्ही आणलं आणि चाकाच्या धुरीवर, म्हणजे आसावर, चढवलं. त्यावर उसाच्या रसाचे थर बसले होते, मुंग्या शेवटपर्यंत आमच्या इंजिनाबरोबर राहिल्या. पण ट्रॉली आता अशी सरकायला लागली जशी भरलेली मालगाडी यार्डातून निघते, आधी काहीच होत नाही असं वाटतं आणि मग कळतं की ती केव्हाच निघाली आहे.

राहिला ब्रेक. मालधक्क्याच्या उतारावर ट्रॉली आमच्या हातून सुटली होती आणि मायनं चाकाखाली दगड घातला म्हणून वाचलो. बाबांनी खऱ्या इंजिनातली युक्ती सांगितली. उतारावर गाडी स्वतःच चाकं फिरवते, चाकं मोटर फिरवतात. तेव्हा मोटरीला वीज द्यायची नाही, उलट तिच्याकडूनच काढून घ्यायची. वीज देता देता मोटर जड होते आणि चाकाला धरून ठेवते. “अन ते काढलेली वीज?” मी विचारलं. “छपरावर मोठाल्या जाळ्या असतेत, त्याच्यात जाळून टाकतेत. नुसती गरम हवा.” मला ते ऐकून वाईट वाटलं, पण वेळ नव्हता. आम्ही शेगडीच्या वेटोळ्यांची एक फळी केली, मोटरीचं चुंबक जागं ठेवायला मामाच्या माइकची बॅटरी लावली, आणि इंजिन उतारावर गुमान चालायला लागलं. फळी लाल व्हायची, तेवढंच.

जयंतीच्या दिवशी सकाळी वंदना झाली, दुपारी खिरीचं जेवण झालं, आणि ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. मी आतल्या पत्र्याच्या खोलीत स्विचांपुढे, मामा त्याच्या डिझेलपाशी, बाबा हँडलवर, अंगात इस्त्रीचा निळा सदरा. माय मागच्या चाकाच्या शेजारून चालत होती, कडेवर मूल घेतात तसा दगड घेऊन. “ब्रेक हाये माय,” मी म्हटलं. “असू दे,” ती म्हणाली. बाबांनी भोंगा वाजवला, पहिली खाच, दुसरी, आणि इंजिन निघालं. पुढे कोणी नाही. कोणाचा दोर नाही, ट्रॅक्टर नाही, बैल नाही. वस्तीतल्या पोरांनी जी आरोळी ठोकली ती मला आतल्या धडधडीतही ऐकू आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते डिझेलच्या धुरानं आलं असं मी मामाला सांगितलं.

नदीच्या पुलाशी पोचेतो अंधार पडला होता. आमच्या अंगावरच्या बल्बांच्या माळा लागल्या, भोंग्यावर गाणी सुरू झाली, आणि पुलावर आम्ही एखाद्या जत्रेसारखे दिसत असणार. पुलापलीकडे चढ आहे. आज तो रस्ता रुंद झाला, भर घालून चढही मोडला, कोणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. तेव्हा तो चांगलाच अंगावर यायचा. त्याच्या माथ्यावरून पुढे बाजाराकडे उतार, आणि तो चौक, जिथं आम्ही उभे राहिलो होतो. बाबांनी पाचवी खाच टाकली, सहावी टाकली. मामाच्या इंजिनाचा ठेका जड झाला. बल्ब पिवळे पडले, गाणाऱ्याचा आवाज भोंग्यात ताणला जाऊन रडका झाला, आणि अर्ध्या चढावर चाकं थांबली. बाबांनी हँडल धरून ठेवलं होतं, पण इंजिन खाली सरकायला लागलं तसं मायनं दगड लावला.

लगेच माणसं धावली. खांदे लावायला पंधरा-वीस जण आले, आणि मी खिडकीतून अंग बाहेर काढून ओरडले, “हात लावू नका! कोनीच हात लावू नका!” एवढं मोठं मी आधी कधी ओरडले नव्हते. माणसं बिचकून थांबली. त्याच वेळी बाजूच्या कापूस दाबायच्या प्रेसच्या फाटकातून एक माणूस पुढे आला. गेल्या सालचा तोच ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. ट्रॅक्टर मागे उभा होता, गाठी न्यायला आलेला. तो आजांपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “आजा, लावू काय? मालकाले मी सांगतो. ते काई म्हननार नाईत.” तो मनापासून म्हणत होता, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही मी त्याला त्याचं श्रेय देते. पण तो तिथं उभा होता म्हणूनच मोह वाढला. एक पिन अडकवायची, बस. सगळं सोपं झालं असतं.

आजा खिडकीखाली आले. “पोरी, कायची कमी हाये?”

“भार जास्त झाला आजा. लाइट, भोंगे अन चाकं, तिन्ही एकाच इंजिनावर. दोन सोडले तं तिसरं चालते.”

“म्हंजे लाइट बंद? गानं बंद?”

“हाव.”

आजांनी वर चढाच्या माथ्याकडे पाहिलं. माथ्यापलीकडे सगळं गाव होतं, ओट्यांवर बसलेलं, आमची वाट बघत. आमच्या माळा आणि आमची गाणी त्या रस्त्यावरून न्यायची, यासाठी म्हातारा वर्षभर थांबला होता. वस्तीतल्या प्रत्येक घरानं एकेक बल्ब दिला होता, आणि कोणाचा कोणता ते सगळ्यांना पाठ होतं. मंडळातला एक जण म्हणाला, “आजा, अंधारात जायचं? गावात? लोक काय म्हनतीन?”

“उजेडात धक्का खान्यापरीस अंधारात चालू,” आजा म्हणाले. “बंद कर पोरी. सारं बंद.” आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळून, काठी त्याच्या खांद्याला हलकेच लावून म्हणाले, “तू चाल आमच्यासंगं. पायी.”

मी दोन्ही स्विच पाडले. एकदम काळोख. भोंगा गिळल्यासारखा थांबला आणि मामाच्या इंजिनाचा ठेका मोकळा झाला, टुक टुक टुक, सकाळसारखा. बाबांनी हँडल शून्यावर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली. दुसरी. तिसरी. मी त्या अंधारात तारांवर हात ठेवून बसले होते, त्या ऊन झाल्या आणि मला समजलं की वीज खाली जाते आहे. चौथी. रसवंतीचं चक्र करकरलं. मायचा आवाज आला, “सरकलं! सरकलं वं!” बाहेर माणसांना काय करावं ते सुचत नव्हतं. हात लावायची सोय नाही आणि गप्प राहवत नाही. मग कोणा बाईनं भीमगीत उचललं, भोंग्याशिवाय, नुसत्या गळ्यानं, आणि सगळ्या मिरवणुकीनं ते धरलं. टाळ्यांचा ठेका त्यांनी इंजिनाच्या ठेक्याला लावून घेतला. सहावी खाच, सातवी. मी रडत होते आणि या खेपेला मामाला काही सांगितलं नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा मामाच्या इंजिनाचं पाणी खळखळ उकळत होतं. “बंद करतो बाप्पा, नाई तं फुटते,” तो म्हणाला आणि त्यानं ते बंद केलं. धडधड थांबली, नुसतं गाणं उरलं. पुढे उतार. खाली ओट्यांवर कंदील, दुकानांचे दिवे, आणि सगळ्या माना आमच्याकडे. आमच्या अंगावर एक ठिपकाही उजेड नाही. बाबा पुढून म्हणाले, “पोरी, ब्रेक लाव. सोडतो.” मी शेगडीच्या फळीची तार हातात घेतली, लावणारच होते. आणि मला ती जाळून टाकलेली वीज आठवली, छपरावरची नुसती गरम हवा. मी फळीची तार सोडून दिली. मामाच्या डायनामोकडून बल्बांच्या माळा काढल्या आणि मोटरीच्या तोंडाला जोडल्या. घाईत एक चटका बसला, त्याचा डाग आजही अंगठ्यावर आहे. “सोडा बाबा,” मी म्हटलं.

मायनं दगड काढला. इंजिन सरकलं. एक हात, दोन हात, चाकांनी मोटर फिरवली, आणि वर माळांमधल्या तारा आधी लाल झाल्या, मग नारिंगी, आणि मग सगळं अंग उजळलं. प्रत्येक घराचा बल्ब. इंजिन बंद, धूर नाही, आवाज नाही, नुसता साखळीचा किर्र आवाज आणि माणसांचं गाणं, आणि त्याच्या मधोमध तो उजेड उतारावरून खाली निघाला. जरा वेग वाढला की बल्ब जास्त पेटायचे आणि तेवढाच ब्रेक लागायचा, म्हणून ते आपोआप एका चालीनं चाललं. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली होती. गाणं मध्येच थांबलं, कारण गाणारेही वर बघत राहिले.

आजा काठी टेकत खिडकीशी आले. त्यांनी आधी मामाच्या थंड पडत चाललेल्या इंजिनाकडे पाहिलं, मग बल्बांकडे, मग माझ्याकडे.

“इंजिन तं बंद हाये,” ते म्हणाले. “मंग हे लाइट कोनाच्या करंटवर लागले वं?”

“आपल्याच वजनावर, आजा. आपन खाली चाललो नं, आपल्या वजनानं चाकं फिरून राह्यले. त्याचाच करंट.”

आयुष्यभर म्हातारा मिरवणुकीत पायी चालला होता, रथावर कधी चढला नव्हता, कोणी म्हटलं तरी नाही. मग त्यानं काठी ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिली आणि पायरीचा लोखंडी गज धरला.

“तुह्या बापाले सांग जरा धीरे घ्याले,” तो म्हणाला. “मले चढू दे. माह्यं बी वजन पडू दे त्याच्यात.”